बीपीच्या पेशंटला मीठ खायला सांगतात तेव्हा

१४ नोव्हेंबर २०२४ ला नाशिकमध्ये माझी उजवी ॲड्रिनल ग्रंथी काढली. तिच्यात बीपी वाढवणारं हार्मोन सोडणारी, फिओक्रोमोसायटोमा नावाची सव्वाचार सेंटिमीटरची गाठ होती. निदान झालं त्या रात्री मराठीत काही वाचायला मिळतंय का ते शोधत बसले होते. जे सापडलं ते एकतर घाबरवून सोडणारं होतं, नाहीतर चार ओळींत आटोपलेलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. औषधांची नावं दिली आहेत ती ओळखीची व्हावीत म्हणून, आपल्या मनाने घ्यायला नव्हे.

त्रास २०२३ च्या थंडीत सुरू झाला असावा. पाच-दहा मिनिटांचा झटका यायचा: छातीत धडधड, डोकं फुटेल असा ठणका आणि दरदरून घाम. घाम येत असतानाही हात मात्र गारठलेले. ओट्याखालचा पिठाचा डबा काढायला वाकलं की हमखास. मग आपोआप सगळं शांत, आणि मी पुन्हा पोळ्या लाटायला मोकळी. मार्च एंडिंग तोंडावर होतं, त्यामुळे ऑफिसात, घरी, सोसायटीत सगळ्यांचं निदान एकच, टेन्शन. सासूबाईंचं मत होतं की जागरणं कमी कर, शेजारच्या काकूंचं मत होतं की पाळी जायची वेळ आली. मी तेव्हा एकोणचाळीसची.

फॅमिली डॉक्टरांकडे बीपी कधी ११८/७६ निघायचं, कधी १५६/९८. त्यांनी बारीक डोसची गोळी सुरू केली. त्यांना बोल लावावा असं मला आजही वाटत नाही. बीपी असलेल्या हजार लोकांत हा आजार साधारण दोन ते सहा जणांना असतो. छोट्या दवाखान्यात आयुष्यभरात असा एखादाच पेशंट यायचा.

जुलैत सर्दी झाली. मेडिकलमधून नेहमीची सर्दीची गोळी आणली, जेवून घेतली, आणि तासाभरात असा झटका आला की थांबेचना. नवऱ्याने गाडी काढली आणि जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. बीपी २२४/१२६. ईसीजी, रक्त, सलाईन, रात्रभर मॉनिटर. सकाळी राउंडला आलेल्या फिजिशियन सरांनी गोळीची स्ट्रिप मागून घेतली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, “डोकेदुखी, घाम, धडधड, तिन्ही एकदम येतात का? आणि तेव्हा चेहरा लाल होतो की पांढरा?” पांढरा, असं माझ्याआधी माझ्या मुलीनेच सांगितलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

गोळीत फिनायलेफ्रिन होतं. चोंदलेलं नाक मोकळं होतं ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यामुळे. सूज उतरते आणि हवेला वाट मिळते. पण पोटात गेलेली गोळी नाकापुरती थांबत नाही. माझ्या रक्तात आधीच त्याच जातीचं हार्मोन मुबलक फिरत होतं, त्यात ही भर.

मग जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ॲड्रिनल ग्रंथी असते. तिच्या आतल्या गाभ्यात ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन तयार होतं. बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. या स्नायूंवरच्या अल्फा नावाच्या ग्राहीवर (हार्मोन बसायच्या जागेवर) नॉरॲड्रिनॅलिन बसलं की पेशीत कॅल्शियम वाढतं, स्नायू आखडतात आणि धमनी अरुंद होते. माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षाची बाग आहे. ठिबकचे ड्रिपर चोंदले की मोटर तीच आणि पाणीही तेच, तरी मेन लाईनवरच्या गेजचा काटा वर चढतो. मला हे तेवढ्यावरून पटलं. गणितही चक्रावून टाकणारं आहे, कारण रक्ताला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. त्रिज्या २० टक्क्यांनी कमी झाली की अडथळा जवळजवळ अडीचपट.

हे काम एकटं ॲड्रिनॅलिन करत नाही. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतंय असं वाटलं की ते रेनिन सोडतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन दोन बनतं आणि तेही धमन्या आवळतं. बीपीच्या कितीतरी गोळ्या याच साखळीवर काम करतात. मेंदूतल्या पिट्युटरीतून येणारं व्हॅसोप्रेसिन आहे, खुद्द रक्तवाहिनीच्या अस्तरातून निघणारं एंडोथेलिन आहे. एरवी ही सगळी मंडळी आपल्या उपयोगाचीच. ती नसती तर अंथरुणातून उठताक्षणी आपण चक्कर येऊन पडलो असतो. माझ्या बाबतीत एक नळ उघडा राहिला होता, इतकंच.

फिजिशियन सरांनी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर मॅडमकडे चिठ्ठी दिली. गंगापूर रोडच्या क्लिनिकची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर दंडाला बांधायचं बीपी मशीन घेतलं (२,१०० रुपये) आणि वही सुरू केली: तारीख, वेळ, बीपी, नाडी, काय करत होते, काय खाल्लं. ही वही पुढे प्रत्येक टेबलावर कामाला आली, अगदी मेडिक्लेमवाल्यांकडेसुद्धा. झटक्याच्या वेळी एकटीने कफ बांधणं जमत नाही. तो घरातल्या कोणाला तरी शिकवून ठेवा.

मॅडमनी पहिल्याच भेटीत प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रिन्स ही तपासणी लिहून दिली. मी म्हटलं, थेट ॲड्रिनॅलिनच का मोजत नाही? त्या म्हणाल्या, ते झटक्यापुरतं सुटतं आणि दोन-चार मिनिटांत रक्तातून नाहीसं होतं. पण गाठीच्या आत त्याचं मेटानेफ्रिन सतत बनत असतं आणि झिरपत राहतं. म्हणून झटका नसतानाही ते सापडतं.

या तपासणीच्या अटी नीट पाळल्या नाहीत तर पैसे वाया. रात्रीपासून उपाशी, चहा-कॉफी बंद, तंबाखू-सिगारेट अर्थातच बंद. सर्दीची औषधं नकोत. काही लॅबच्या पद्धतीत पॅरासिटामॉलनेही आकडा चुकतो, म्हणून तेही मॅडमनी बंद ठेवायला सांगितलं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांचाही परिणाम होतो, पण त्या मनाने थांबवायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त घेण्याआधी वीस-तीस मिनिटं आडवं पडून राहायचं. बसून रक्त दिलं तर आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो.

मी गेले त्या पहिल्या कलेक्शन सेंटरवर झोपायला खाटच नव्हती. “काही फरक पडत नाही, बसा खुर्चीत,” असं म्हणाले. मी परत निघाले. मॅडमच्या असिस्टंटने दुसरी लॅब सांगितली; तिथे आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवली, सुई आधी लावून ठेवली आणि अर्ध्या तासाने त्याच सुईतून रक्त घेतलं. ५,२०० रुपये. सॅम्पल मुंबईला जातं, रिपोर्ट आठवड्याने येणार होता, पण मध्ये गणपती बसले आणि तो आणखी लांबला. त्या दिवसांत मी मोदकांपेक्षा मोबाईलवरच्या मेसेजकडेच जास्त बघत होते. रिपोर्ट आला तेव्हा नॉर्मेटानेफ्रिन वरच्या मर्यादेच्या सहापट होतं.

यानंतर सीटी स्कॅन. त्याआधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट लागतो, तो सोबत असू द्या, नाहीतर फेरी वाया जाते. कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनसह ७,८०० रुपये लागले. इंजेक्शन जाताना अंगभर ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. ते माहीत असलं की घाबरायला होत नाही. गाठ उजवीकडे, एकटी, कडा स्वच्छ. नात्यातल्या एकांनी आग्रह धरला की कापण्याआधी तुकडा तपासून घ्या. या आजारात सुई टोचून तुकडा काढत नाहीत. गाठीला नुसता धक्का लागला तरी हार्मोनचा लोंढा सुटू शकतो.

मला वाटलं होतं, आता तारीख मिळेल आणि गाठ काढून मोकळे. मॅडम म्हणाल्या, “तारीख मिळेल. आधी तुमच्या रक्तवाहिन्या उघडू.” या सगळ्या प्रकरणात ऑपरेशनपेक्षा ही तयारीच मोठी होती आणि तिच्याबद्दल आधी कोणी बोललं नव्हतं. १९२६ मध्ये सेझार रू आणि चार्ल्स मेयो या सर्जननी अशा गाठी काढल्या तेव्हा अल्फा ब्लॉकर, म्हणजे अल्फा ग्राही अडवणारी औषधं नव्हती. हे वाचून मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. त्या पेशंटांच्या अंगात ऑपरेशन चालू असताना काय उलथापालथ झाली असेल, हाच विचार.

२४ ऑक्टोबरच्या रात्री प्राझोसिनची पहिली गोळी घेतली. ही अल्फा ब्लॉकर गोळी, म्हणजे हार्मोन आलं तरी त्याला बसायला जागा मिळत नाही. पहिला डोस झोपतानाच घ्यायचा आणि रात्री उठायचं झालं तर आधी काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे, मग उभं राहायचं. मला सांगितलं होतं, मी तसंच केलं, तरीही बाथरूमच्या दारात डोळ्यांपुढे अंधारी आली. नवरा मागेच होता. पहिल्या काही रात्री कोणीतरी जागं असू द्या. पुढे दर दोन-तीन दिवसांनी डोस वाढत गेला. बीपी बसून आणि मग उभं राहून, असं दोन्ही मोजायचं. बसून १३०/८० च्या खाली हवं, पण उभं राहिल्यावर वरचा आकडा ९० च्या खाली जायला नको.

या गोळीने माझं नाक कायम चोंदलेलं राहिलं. अंगभरच्या रक्तवाहिन्या सैल पडल्या, त्यात नाकातल्याही आल्या. आणि उपाय म्हणून नाकाचे थेंब घ्यायची सोय नाही, कारण तेही रक्तवाहिन्या आवळणारेच. वाफ घेत बसले.

दोन-तीन दिवसांनी मॅडमनी मीठ वाढवायला सांगितलं. पाणीही. हे घरी सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. बीपीमुळे वर्षभर माझं जेवण वेगळं शिजत होतं, लोणचं-पापड बंद होतं. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “अगं, नीट ऐकलंस ना? कमी म्हणाल्या असतील.” मी त्यांना मॅडमशी फोनवर बोलायला लावलं. कारण असं की वर्षानुवर्षं रक्तवाहिन्या आवळलेल्या राहिल्या तर शरीर आतलं पाणीही कमी करून बसतं. आता वाहिन्या मोकळ्या झाल्या, पण त्या भरायला पुरेसं रक्त नाही. गाठ निघाली की बीपी धाडकन कोसळेल. म्हणून मीठ आणि पाणी देऊन आधी साठा भरून घ्यायचा. हे अल्फा ब्लॉकर सुरू झाल्यावरच, आणि हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर नसेल तरच. बीपीच्या इतर कोणी यावरून काही ठरवू नये.

नेमकी तेव्हा दिवाळी आली. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं आणि मी डॉक्टरांच्या परवानगीने चिवडा, शेव, कडबोळी यांवर तुटून पडले. एवढी निर्धास्त दिवाळी पूर्वी कधी गेली नव्हती. जावेने तर माझ्यासाठी खारे शंकरपाळे वेगळे केले.

नाडी शंभराच्या वर जायला लागली तेव्हा ती हळू करणारा बीटा ब्लॉकर जोडला. हा क्रम फार महत्त्वाचा. ॲड्रिनॅलिन काही रक्तवाहिन्या बीटा ग्राहींमार्फत उघडतंही, विशेषतः स्नायूंमधल्या. आधीच बीटा अडवला तर उघडणारा दरवाजा बंद आणि आवळणारा सताड उघडा, मग बीपी कुठल्या कुठे जातं. धडधड म्हटली की बीटा ब्लॉकर सर्रास दिला जातो, म्हणून संशय असलेल्यांनी आपण होऊन सांगावं.

मॅडमनी एक कागद दिला होता, काय टाळायचं त्याचा. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रामाइड, स्टिरॉइड, मायग्रेनची काही औषधं, आणि दातांच्या डॉक्टरांकडचं बधिर करायचं इंजेक्शन, कारण रक्त कमी यावं म्हणून त्यात बऱ्याचदा ॲड्रिनॅलिन मिसळलेलं असतं. खोकल्यासाठी आई देते तो ज्येष्ठमधाचा काढाही त्यात होता. ज्येष्ठमध गाठीला छेडत नाही, त्याची वाट वेगळी. मूत्रपिंडात कॉर्टिसोल या हार्मोनला निष्प्रभ करणारं एन्झाइम तो रोखतो, मग शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी वाढतं. आई नाराज झाली. झाडपाल्याचं म्हणून निर्धोक, ही तिची समजूत साठ वर्षांची आहे.

याच सुमारास मेडिक्लेमची लढाई. पॉलिसी कंपनीची ग्रुप पॉलिसी, त्यामुळे जुन्या आजाराची अट नव्हती, तरी टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेची) क्वेरी आलीच: बीपी पहिल्यांदा कधी निघालं, त्या दिवसाचा केस पेपर द्या, तपासणाऱ्या डॉक्टरांचं कालावधीचं पत्र द्या. फॅमिली डॉक्टरांचा जुना कागद सापडला आणि बाकी काम वहीने केलं. एस्टिमेट २ लाख ३५ हजारांचं होतं. पहिली मंजुरी त्याच्या निम्म्याचीच आली. घाबरू नका, ती अंतरिम असते. उरलेली अंतिम बिलावर मिळते. प्रत्येक कागदाचा फोटो आणि झेरॉक्स जवळ ठेवा, आणि कोणत्या टेबलावर कोणाला दिला ते मागे लिहून ठेवा.

हॉस्पिटल ठरवताना सर्जनपेक्षा जास्त चौकशी आम्ही भूलतज्ज्ञांची केली. अशा केसेस केल्या आहेत का, मनगटातल्या धमनीत सुई घालून बीपी सलग बघण्याची सोय आहे का, नंतर आयसीयूत खाट राखलेली आहे का. हे विचारायला संकोच वाटतो, पण भूलतज्ज्ञांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट त्यांनी खुर्ची ओढली आणि ऑपरेशनचा क्रम कागदावर काढून दाखवला.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, अडीच तासांच्या आसपास. मला अर्थातच काही आठवत नाही. चार्टवरून कळलं ते असं: इतक्या तयारीनंतरही गाठीला हात लागताच बीपी २१० च्या पुढे गेलं, ते औषधाने खाली आणलं, गाठीची शीर बांधल्यावर काही मिनिटांत ८० वर घसरलं. मग सलाईनसोबत नॉरॲड्रिनॅलिनचं ड्रिप लावावं लागलं. म्हणजे ज्या हार्मोनने वर्षभर छळलं तेच थेंबाथेंबाने आत सोडावं लागलं. आयसीयूत शुद्धीवर आल्यावर हे ऐकून मला हसू आलं आणि टाके दुखले.

आयसीयूत बोटाला सारखी सुई टोचत होते. हे हार्मोन इन्शुलिनला दाबून ठेवतं. ते अचानक गेलं की इन्शुलिन उसळतं आणि साखर एकदम उतरू शकते. सिस्टर रात्री उठवून साखर बघतात म्हणून वैतागू नका.

डिस्चार्ज सोमवारी, १८ तारखेला. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी. आमची संध्याकाळी उशिरा आली. नवऱ्याने टीपीए डेस्कवर तो नियम शांतपणे दाखवल्यावर एक फोन झाला आणि काम हललं. हातमोजे, किट वगैरे विम्यात न बसणारे १३,६०० रुपये आमचे गेले. २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. पोटाला पट्टा बांधून, खुर्ची मागून घेऊन मी मत देऊन आले. ज्येष्ठांच्या रांगेत उभ्या आजोबांनी मला पुढे जाऊ दिलं.

काढलेल्या गाठीच्या बायोप्सीच्या रिपोर्टला दहा-बारा दिवस लागले. गाठ पूर्ण निघाली होती. पण या गाठी खात्रीने निर्धोक असं कागदावर कोणी लिहून देत नाही, म्हणून पाठपुरावा वर्षानुवर्षं चालतो. शिवाय बऱ्याच जणांत हा आजार जनुकांतून आलेला असतो. आरईटी, व्हीएचएल, एसडीएचबी ही त्यातली काही नावं. त्याची रक्ततपासणी तेव्हा २२,००० रुपयांची होती, विम्यात नव्हती. ती करावी की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. मला मुलीसाठी करायचीच होती. रिपोर्ट महिन्याभराने आला आणि त्यात काही सापडलं नाही. तोवरचा तो महिना मला ऑपरेशनपेक्षा जड गेला.

जानेवारी २०२५ मध्ये मेटानेफ्रिन पुन्हा तपासलं, मर्यादेत आलं. झटके थांबले. बीपी पूर्ण सुटलं असं मात्र नाही. अम्लोडिपिनची एक गोळी चालू आहे. ती स्नायूंत कॅल्शियम जायला अडवते, म्हणून रक्तवाहिन्या सैल राहतात. इतकी वर्षं आवळलेल्या धमन्या लगेच पूर्ववत होतीलच असं नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. मीठ पुन्हा बेताचंच झालंय. आता वर्षातून एकदा रक्त द्यायचं, त्याच लॅबमध्ये, आदल्या दिवशी फोन करून आणि खाट आहे ना ते विचारून.